सहा दोऱ्यांची मेव्हिस

आमच्या वेनफर्ड गावातल्या घंटांच्या मनोऱ्यावर एक पितळी पाटी आहे. हा मनोरा अमुक मठाधिपतीने बांधला, असं तिच्यावर कोरलंय. ती पाटी वाचली की माझं डोकं फिरतं. मठाधिपतीने एक दगड तरी उचलला होता का? पुढे राजाने मठ मोडला, त्याचे दगड लोकांनी गोठ्यांना नि कुंपणांना लावले, आणि मनोरा तेवढा उभा राहिला. का राहिला? गावातल्या चांभारांनी, खाटकांनी, दळणवाल्यांनी वर्गणी काढून तो घंटांसकट सोडवून घेतला म्हणून. हे पाटीवर नाही. हे मला मेव्हिस टर्पिनने सांगितलं.

मेव्हिस टर्पिनचंही नाव कुठल्या पाटीवर यायचं नाही. म्हणून मी लिहितेय.

वेनफर्डात राहणाऱ्या कुणालाही मेव्हिस विचारा. बुटकी, रुंद, केस कानाच्या वर कापलेले, मनगटं सुताराची. शाळेसमोरच्या रस्त्यावर पिवळा झगा घालून, हातात थांबण्याचा गोल फलक घेऊन उभी राहते आणि पोरांना पलीकडे सोडते. वय एक्काहत्तर. दगडाच्या खाणीवरून येणारे ट्रक तिने नुसत्या नजरेने थांबवलेले मी पाहिलेत. हे झालं सकाळचं नि दुपारचं काम, त्याचे पैसे मिळतात. मनोऱ्यातल्या सहा घंटा वाजवणाऱ्यांची ती म्होरकी, त्याचे मिळत नाहीत.

इथली घंटा आपल्या देवळातल्यासारखी येता-जाता वाजवायची नसते. बैलगाडीच्या चाकाएवढ्या चाकावर ती बसवलेली असते. दोरी ओढली की आख्खी गिरकी घेते, आभाळाकडे तोंड करून क्षणभर थांबते आणि मग उलटी फिरते. दर गिरकीला एक टोला. एका घंटेला एक माणूस, खाली दोरी धरून. सहा जणांनी एकामागून एक, बारीक आवाजापासून जाड आवाजापर्यंत, मण्यांसारखे टोले ओवायचे. एकाचा हात चुकला की माळ तुटते आणि सगळ्या गावाला कळतं.

मेव्हिस गॅसवाल्या गल्लीत जन्मली. बाप गॅसच्या कारखान्यात भट्ट्या साफ करायचा आणि रविवारी पाचवी घंटा वाजवायचा. ही चौदा वर्षांची असताना त्याचा डबा घेऊन वर गेली. ईस्टरचा दिवस, आणि पहिल्या घंटेचा माणूस आदल्या रात्रीची पिऊन घरी पडलेला. ही म्हणाली, मी धरते दोरी. तेव्हाचा म्होरक्या हसला. "पोरींच्या वेण्या दोरीत अडकतात, बाळ. घरी जा." ही घरी गेली, आईची हातमोजे कातरायची कात्री घेतली, वेणी कापली आणि परत वर आली. आईने त्या दिवशी मुस्काटात मारली, म्होरक्याने दोरी दिली.

पुढे तिने हातमोज्यांच्या कारखान्यात नोकरी केली. अंगठा शिवायचं काम, सगळ्यांत अवघड. कारखाना बंद पडला तेव्हा तिने फलक हाती घेतला. लग्न झालं रॉनशी. लग्नाच्या दिवशी नवरीने डोक्यावरची जाळी मागे टाकून आधी स्वतःच्या लग्नाची घंटा वाजवली आणि मग ती खाली उतरून चर्चमध्ये गेली. रॉन म्हणायचा, "माझी बायको सात जणींतली एक. बाकीच्या सहा वर टांगलेल्या आहेत." रॉन जाऊन आता बरीच वर्षं झाली.

माझी तिची ओळख रस्त्यावरची. हॉस्पिटलला जाणारी बस बंद करायला निघाले होते, तेव्हा आम्ही त्याच बससमोर आडवे बसलो होतो. मी घोषणा देत होते, ती माझ्या शेजारी बसून लोकर विणत होती. पोलीस म्हणाला, "उठा, मावशी." ती म्हणाली, "ही ओळ संपू दे." बस चालू आहे आजही.

तर मार्च महिन्यात एका संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. चहा घेतला. नाकासमोर बघत म्हणाली, "पोरी, तुला भांडता येतं." पन्नाशी उलटली तरी मी तिची पोरगीच.

"येतं की. कुणाशी भांडायचंय?"

"कुणाशीच नाही. मला माणसं हवीत. भांडणाऱ्या बाईला माणसं गोळा करता येतात, म्हणून आले."

मग सगळं बाहेर पडलं. वाजवणारे सहाचे चार झाले होते. एक जण स्पेनला राहायला गेला, एकीचा खांदा निकामी झाला. उरले मेव्हिस, क्लाइव्ह खाटीक, प्राण्यांच्या दवाखान्यातली हीदर आणि सिरिल पिनॉक. सिरिल नव्वदीचा, छपरं शाकारणारा, त्याला आता जिना चढायलाच अर्धा दिवस लागायचा. मनोऱ्याची देखभाल करणाऱ्या समितीने ठरवलं होतं: मे महिन्यात एक शनिवार मनोरा लोकांना बघायला उघडा ठेवायचा. त्या दिवशी वाजवणारी नवी माणसं मिळून सहा पुरी झाली तर ठीक. नाहीतर घंटांना विजेचे हातोडे बसवायचे, दोऱ्या कापायच्या आणि दोऱ्यांच्या खोलीत पर्यटकांसाठी चहाचे मग नि रुमाल विकायचे.

मी सरळ म्हटलं, "मग? घंटा तर वाजणारच ना? बटण दाबलं काय नि दोरी ओढली काय."

मेव्हिसने कप खाली ठेवला. "उद्या वर ये."

इतकी वर्षं मी त्या मनोऱ्याच्या सावलीतून भाजी आणत होते, वर कधी गेले नव्हते. गावातलं कुणीच जात नाही. बाहेरचे येतात, मान मोडेपर्यंत वर बघतात, फोटो काढतात. आम्ही त्यांना रस्ता सांगतो.

जिना गोगलगाईच्या शंखासारखा. पायऱ्या मधोमध झिजून पन्हाळीसारख्या झालेल्या. कठड्याऐवजी एक जाड दोर, शेकडो तळव्यांनी चकचकीत केलेला. मेव्हिस पुढे, तिचा श्वास वाजतोय, पण पाय एकदाही अडखळत नाही. "डावा खांदा भिंतीला लाव. पायरी बघू नकोस, पाय स्वतः बघतो."

दोऱ्यांच्या खोलीत मला वाटलं होतं तसलं काही नव्हतं. राजा नाही, बिशप नाही. चुन्याच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली नावं: कुणी लोहार, कुणी तंबाखू विकणारा, कुणी नुसतंच 'टॉम, पाय मोडका'. एक लाकडी फळा, त्यावर जुने नियम: जो टोपी घालून घंटा वाजवील किंवा शिवी देईल, त्याने सगळ्यांना एकेक मापटं बिअर पाजावी. छतातून सहा दोऱ्या खाली आलेल्या, प्रत्येकीला मधोमध लाल-पांढऱ्या लोकरीचा जाड गोंडा. आणि खिडकीतल्या खुर्चीत कोट पांघरून सिरिल बसलेला.

"ही कोण?" सिरिल म्हणाला. "बसवाली का?"

"तीच."

"बरं केलं बस वाचवलीस. मी हॉस्पिटलात मरायला बसनेच जाणार आहे."

मेव्हिस मला शिडीवरून आणखी वर घेऊन गेली, घंटांपाशी. सगळ्यांत मोठीवर अक्षरं ओतलेली होती, ती तिने बोटाने चाचपत वाचून दाखवली: 'मला वेनफर्डच्या विधवांनी ओतवलं.' पाच शतकांपूर्वीच्या त्या विधवा कोण होत्या, त्यांनी पितळेची कुठली भांडी वितळवली, कुणाला ठाऊक नाही. मी हात लावला. गार होती, पण आतून काहीतरी गुणगुणल्यासारखं तळव्याला लागलं. वाऱ्याने असेल.

"आता सांग," मेव्हिस म्हणाली, "बटण दाबू?"

मी गप्प बसले हे मेव्हिसने नंतर क्लाइव्हला सांगितलं आणि क्लाइव्हने ते सगळ्या बाजारभर केलं.

मी जाहिरात लिहिली. 'मनोरा तुमच्या बापाचा आहे. वर येऊन बघा.' मेव्हिसने 'बापाचा' खोडलं. मी म्हटलं, त्यातच जोर आहे. ती म्हणाली, जोर दोरीत लाव. शेवटी 'मनोरा तुमचा आहे. वर या' असं छापून आम्ही मटणाच्या दुकानापासून न्हाव्यापर्यंत सगळीकडे चिकटवलं.

आणि त्या शनिवारच्या आधीच्या सोमवारी सिरिल गेला. हॉस्पिटलात नाही, बसमध्येही नाही. घरी, झोपेत.

गुरुवारी अंत्यविधी झाला. इथे घंटावाल्यांतलं माणूस गेलं की घंटा अर्ध्या मुक्या करून वाजवतात. लोलकाच्या एकाच अंगाला कातडी टोपी बांधायची. मग एक टोला लख्ख पडतो आणि पुढचा दुरून, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. गावातल्या जुन्या माणसाला तो आवाज कळतो. तो कानी पडला की माणूस हातातलं काम ठेवतो. त्या टोप्या मेव्हिसनेच हातमोज्यांच्या उरलेल्या कातड्याच्या शिवलेल्या, पण ताबा सिरिलचा. बांधायच्या त्याने, काढायच्या त्याने. शिडी चढवेना झाली तेव्हाही तो खाली बसून क्लाइव्हला एकेक टोपीचा बंद कसा सोडायचा ते ओरडून सांगायचा. दुसऱ्या कुणी आपणहून हात लावलेला त्याला खपत नसे.

त्या दिवशी त्या मेव्हिसने बांधल्या. शेजारच्या गावाहून तीन जण उसने आणले आणि सिरिलला पोचवलं. नंतर सगळे समोरच्या पबमध्ये गेले. सिरिलच्या नावाने प्यायले, त्याच्या शिव्या आठवून हसले, रडले, घरी गेले.

शनिवार उजाडला तो स्वच्छ. प्लमच्या बागांचा बहर झडून गेला होता, फांद्यांवर हिरवे मणी लागलेले. मनोऱ्याच्या दारात मी टेबल टाकलं: चहाची मोठी टाकी, हीदरचे केक, प्लमचा जॅम. मेव्हिस पहाटेच वर जाऊन बसली होती, जमीन पुसत, दोऱ्या नीट करत. तिच्यासाठी तो दिवस काय होता हे मला माहीत होतं. रात्रभर झोपली नसणार. आदल्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "त्या दोऱ्या कापताना मला बोलवू नका. मी बहिणीकडे किनाऱ्यावर जाऊन राहीन." ती बहिणीशी दहा वर्षं बोललेली नाही.

दहा वाजता एक म्हातारं जोडपं आलं. त्यांनी विचारलं, स्वच्छतागृह कुठे आहे. मग एक माणूस आला, त्याने पितळी पाटीचा फोटो काढला नि गेला. मग बराच वेळ कुणी नाही. क्लाइव्हने खाली येऊन तिसरा केक खाल्ला. "छान चाललंय," तो म्हणाला. "असंच राहिलं तर निदान केक तरी संपतील."

"तू आधी तुझ्या गिऱ्हाइकांना का नाही आणलंस?"

"माझी गिऱ्हाइकं मटण उचलत नाहीत, घरपोच मागवतात. दोरी कसली उचलतात!"

अकराच्या सुमाराला समितीचे अध्यक्ष डेनहॅमसाहेब आले. पांढरा कोट, हातात काठी, तीही गरज नसताना. माणूस वाईट नाही. मनोऱ्याच्या छपरातून पाणी गळायचं ते त्यांनीच थांबवलं. पण बोलले काय? "आकडा काही आशादायक दिसत नाही. सोमवारी बैठक आहे. मला समितीला काहीतरी सांगावं लागेल."

मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात वरच्या खिडकीतून मेव्हिसचा आवाज आला, "पोरी! गप्प! बारा वाजता घंटाच बोलावतील त्यांना!"

बारा वाजले. वर सहाजण दोऱ्यांपाशी उभे राहिले, तिघे आपले, तिघे उसने. मेव्हिसची नेहमीची हाक मला खालपर्यंत ऐकू आली: "सावध! पहिली निघते... निघाली!"

पहिला टोला लख्ख पडला. दुसरा विहिरीतून आला.

मला आधी कळलंच नाही. वाटलं वारा फिरला. मग परत तेच: एक लख्ख, एक बुडालेला. चौकात फुलं विकणाऱ्या पॉलीनने कात्री खाली ठेवली. भाजीवाल्याने टोपी काढली. मोटारीच्या दारात अर्धा बसलेला एक माणूस तसाच बाहेर आला.

वर काय झालं ते क्लाइव्हने मला मागाहून सांगितलं. तिसऱ्या टोल्याला मेव्हिसचा चेहरा पांढरा पडला. "टोप्या!" ती ओरडली. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी काढल्या नव्हत्या. कुणाच्या मनातही आलं नव्हतं. चाळीस वर्षं ते काम सिरिलचं होतं आणि सिरिलला तर त्यांनी गुरुवारी पोचवलं होतं. आणि अर्ध्यावर चढलेली घंटा तशीच सोडता येत नाही. मध्येच थांबवायला गेलं तर दोरी माणसाला छतापर्यंत घेऊन जाते. घंटा पार उभ्या होऊन थांबेपर्यंत ओढतच राहावं लागतं. तेवढा वेळ सगळं वेनफर्ड ऐकत राहिलं.

खाली चौक भरायला लागला. गुरुवारी सिरिलचं झालं, आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा त्याच घंटा. लोकांनी हिशेब लावला: म्हणजे घंटावाल्यांतलंच कुणी. पॉलीन डोळे पुसत म्हणाली, "मेव्हिस. सकाळपासून तिच्या खिडकीचा पडदा बंद आहे. मी म्हटलं, झोपली असेल."

"परवा किती खंगलेली दिसत होती!" दुसरी म्हणाली.

"अहो, नाही!" मी ओरडले. "ती जिवंत आहे! वर आहे ती!"

पॉलीनने माझा हात धरला. "वरच असणार गं. चांगली बाई होती."

न्हाव्याच्या दुकानातून रेबिन धावत आला, वस्तरा हातातच. हा कुर्दिस्तानातून आला, आठ वर्षं झाली. त्याला घंटांचं काही कळत नव्हतं. ते त्याला त्याच्या गिऱ्हाइकाने सांगितलं. ट्रक चालवणारा डग मागून आला, गळ्याला पांढरं कापड, अर्ध्या गालाला फेस. "आमच्याकडे असं झालं की दार बंद करून बसत नाहीत," रेबिन म्हणाला. "मेव्हिसबाई रोज माझ्या दोन्ही मुलींना रस्ता ओलांडून देतात. त्यांच्या घरी कोण आहे? कुणी रडायला आहे का?" आणि तो स्वतःच रडायला लागला. मागच्या वस्तीतली शेरिल बाळाची गाडी ढकलत आली. "मला पण तीच सोडायची शाळेत," ती म्हणाली. "आता माझ्या मोठ्याला सोडते. सोडायची." पॉलीनने आपल्या टोपलीतली सगळी पांढरी फुलं उचलली नि मनोऱ्याच्या पायरीवर ठेवली. मग दुसरं कुणी ठेवायला लागलं. मी ओरडून घसा बसवला, पण रडणाऱ्या माणसाला कोण थांबवणार?

तेवढ्यात घंटा थांबल्या. दार उघडलं. बाह्या वर केलेली, घामाने निथळणारी, टोमॅटोसारखी लाल मेव्हिस टर्पिन दारात उभी राहिली. पायाखाली फुलं.

डग म्हणाला, "मेव्हिस, तू मेलीस असं ऐकलं."

"अजून वेळ आहे. तुझी दाढी अर्धीच का?"

आधी कुणीतरी हुंदका दिला, मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळा चौकच हसत रडायला लागला. रेबिन पुढे गेला, वस्तरा बाजूला धरून तिच्या गालाला गाल लावला. ती म्हणाली, "ते हत्यार आधी खाली ठेव, बाबा, नाहीतर आता खरंच घंटा वाजवाव्या लागतील."

गर्दीतून वाट काढत डेनहॅमसाहेब आले. रागावले होते, आणि खरं सांगायचं तर घाबरलेही होते. "मिसेस टर्पिन, हा काय प्रकार आहे? लोकांना किती धक्का बसला! माफ करा, पण यंत्राने ही चूक केली नसती."

मेव्हिसने त्यांच्याकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं, मी काही बोलू नये म्हणून. "नसती केली, साहेब," ती म्हणाली. "आणि यंत्र मेलं म्हणून कुणी फुलं घेऊन धावतही आलं नसतं."

साहेब पायरीवरच्या ढिगाकडे बघत राहिले.

मग मेव्हिस लोकांकडे वळली. तिला भाषण येत नाही. ती पोरांना रस्त्यावर ओरडते तशी ओरडली. "मेल्यावर एवढे येता होय रे! सकाळपासून मी वर जिवंत बसलेय, तर एक कुत्रं फिरकलं नाही. सिरिल गेला. आम्ही तिघं उरलोय. आणखी तीन माणसं नाही मिळाली तर त्या दोऱ्या कापणार आहेत. घंटा मग विजेवर वाजतील, मी मेले तरी वाजतील, तुम्ही मेलात तरी वाजतील, त्यांना काय कळणार आहे कोण मेलं ते! आलाच आहात तर चला वर. डावा खांदा भिंतीला. आणि पॉलीन, ती फुलं परत नेलीस तर बघ."

गेले. एकामागून एक, त्या शंखासारख्या जिन्यातून, जन्मभर खालून रस्ता सांगणारे वेनफर्डचे लोक पहिल्यांदा वर गेले. बाळाची गाडी नि बाळ माझ्या गळ्यात टाकून शेरिल गेली. फेस वाळलेल्या गालाने डग गेला. सगळ्यांत शेवटी डेनहॅमसाहेब, काठी टेकत.

आधी आभाळाकडे तोंड करून थांबलेल्या घंटा दोरीने पुन्हा तोंड खाली करून ठेवल्या. क्लाइव्ह शिडीने वर गेला, टोप्या सोडून आणल्या आणि खिडकीजवळच्या सिरिलच्या खुंटीला अडकवल्या. मग मेव्हिस म्हणाली, "हं. कोण पहिला?"

रेबिनने दोरी धरली. मेव्हिसने त्याच्या हातांवर आपले हात ठेवले. वरती, छताच्या पलीकडे काहीतरी अवजड हललं आणि त्याने हातांना उलट ओढ दिली. रेबिन दचकला. "ही ओढतेय! जिवंत आहे ही!"

"मग काय मेलेली वाटली?"

डगने धरली तर असा हिसका दिला की तळव्यांना फोड आले. "ट्रक नाही तो!" मेव्हिस ओरडली. "ओढू नकोस, जाऊ दे तिला. ती परत येते. बायका परत येतात, त्यांना जाऊ दिलं तर." "माझी नाही आली," डग म्हणाला, आणि सगळी खोली हसली. तोही हसला. शेरिलचा हात मात्र पहिल्यापासून बसला. मेव्हिसने तिसऱ्या ओढीला आपले हात काढून घेतले आणि तिला सांगितलंच नाही.

मीही धरून बघितली. मेव्हिस म्हणाली, "सोड. तू दोरीशीसुद्धा भांडतेस. तू खाली चहा बघ."

संध्याकाळपर्यंत वीसेक जण दोरीला हात लावून गेले. येतो म्हणाले बरेच. नक्की येणार म्हणून थांबले तिघे: रेबिन, शेरिल आणि डग. डेनहॅमसाहेब जाताना म्हणाले, "तीन माणसं मिळाली, एवढं मी सोमवारी सांगेन. पण ती टिकायला हवीत, मिसेस टर्पिन. सप्टेंबर संपेस्तोवर सहाच्या सहा घंटा सरळ वाजल्या तर हातोड्यांचा विषय मी स्वतः मागे घेईन."

"सरळ नाही वाजायच्या एवढ्यात," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. "पण सहाच्या सहा वाजतील."

ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

उन्हाळा सोपा गेला नाही. डगचा ट्रक कधी स्कॉटलंडला, कधी फ्रान्सला. सरावाच्या मंगळवारी तो कुठल्यातरी बंदरात अडकलेला असायचा. एकदा त्याने एवढी जोरात ओढली की घंटा थोपवणारा लाकडी दांडा कडाडकन मोडला आणि दोरी सापासारखी छतात गेली. तो पांढराफटक पडून म्हणाला, मी सोडतो, माझ्याने नाही व्हायचं. मेव्हिसने नवा दांडा त्याच्याकडूनच बसवून घेतला, क्लाइव्हने पाना धरला. "ज्याने एकही दांडा मोडला नाही त्याने घंटा वाजवलीच नाही," ती म्हणाली. शेरिलची पोरं मी चर्चच्या गवतावर सांभाळायचे. धाकटा माझ्यावर गेलाय, दिसेल त्याच्याशी भांडतो. रेबिन मंगळवारी दुकान लवकर बंद करायला लागला आणि दारावर पाटी लावायला लागला, 'घंटेला गेलोय'. एकदा त्याने मला सांगितलं, "माझ्या गावात मनोरा होता. बॉम्बने पडला. मी लहान होतो, वर कधी गेलोच नाही. मोठा झालो की जाईन म्हणायचो." एवढंच म्हणाला आणि दुकानाला कुलूप लावून चालायला लागला.

ऑगस्टमध्ये मेव्हिसला वाटत होतं, जमणार नाही. ती ते बोलायची नाही. पण शाळा नसलेल्या दिवसांतही ती त्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहायची, हात मागे बांधून, ओठ हलवत. मोजत असायची, एक ते सहा, एक ते सहा.

सप्टेंबरच्या शेवटच्या मंगळवारी डग वेळेवर आला. थेट बंदरावरून, ट्रक चौकाच्या कडेला लावून. डेनहॅमसाहेबही आले, काठीशिवाय, आणि माझ्याबरोबर खाली बाकावर बसले. मला वाटलं, दोन शब्द सुनवावेत. पण ते कान लावून बसले होते. घाबरलेल्या माणसाला काय बोलायचं?

"सावध! पहिली निघते... निघाली!"

पहिली शेरिलची, लख्ख. दुसरी जरा मागे राहिली. तिसरी-चौथीची टक्कर झाली. पाचवी रेबिनची, एकटीच आली, मोठ्या डौलात. आणि शेवटी विधवांची ती मोठी घंटा, डगच्या हातात, इतक्या उशिरा पडली की मला वाटलं पडतच नाही. पुन्हा एक ते सहा. पुन्हा. मध्ये एकदा, अगदी थोडा वेळ, सगळे मणी एका ओळीत आले आणि डेनहॅमसाहेब उठून उभे राहिले. मग परत माळ तुटली.

पबच्या दारात बसलेल्या दोन बाहेरच्यांनी वर बघितलं. त्यांतला एक म्हणाला, "हे काय? भांड्यांचं कपाट पडलं का कुणाचं?"

घंटा थांबल्या. जिन्यातून पावलं उतरली. मेव्हिस दारात आली, बाह्या वर, घामाघूम. त्या माणसाने तिला तोंडावर विचारलं, "ओ बाई, कुणी वाजवल्या या?"

मेव्हिसने आधी डेनहॅमसाहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली, हो म्हणून. मग तिने त्या माणसाला सांगितलं, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं:

"सहा माणसांनी."